वायरचा मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड: खोक्यावरचे शब्द कसे वाचावेत आणि कीबोर्ड घरी कसा तपासावा

माझ्या भाच्याने अकरावीच्या सुट्टीत साठवलेल्या पैशांतून पहिला गेमिंग कीबोर्ड घेतला. रंगीत दिवे, वेणी घातलेली जाड केबल, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘अँटी-घोस्टिंग’ आणि ‘मेकॅनिकल फील’. आठवड्याभरात त्याचा फोन आला, “मामा, तिरकं पळताना बंदूक भरायला गेलो की भरलीच जात नाही.” आपलाच हात चुकतो असं समजून तो रोज तासभर सराव करत होता. हात चुकत नव्हता. डब्ल्यू आणि ए दाबून धरल्यावर त्या कीबोर्डला आर कळतच नव्हता. मुलांनी स्वतःला दोष द्यावा आणि दोष खोक्यातल्या वस्तूत असावा, हे मला फार लागतं. म्हणून हा लेख. यातली बहुतेक तपासणी तुम्ही घरी, एका संध्याकाळी, काहीही विकत न घेता करू शकता.

आधी खात्री करा, तो मेकॅनिकल आहे का

‘मेकॅनिकल फील’, ‘सेमी-मेकॅनिकल’, ‘मेका-मेम्ब्रेन’ असे शब्द दिसले तर थांबा. याचा अर्थ आत रबराच्या घुमट्या आहेत. मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये प्लास्टिकचे पातळ थर असतात, त्यांवर वाहक शाईच्या रेषा असतात आणि रबराची घुमटी दाबली की दोन थर एकमेकांना टेकतात. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा, स्वतंत्र स्विच असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत कीबोर्ड हातात घेऊन बघत असाल, तर दुकानदाराला एक कीकॅप, म्हणजे बटणावरची टोपी, काढून दाखवायला सांगा. खाली अधिक चिन्हासारखा दांडा असलेला चौकोनी स्विच दिसला, तर बहुतेक वेळा तो मेकॅनिकल असतो. काही मेम्ब्रेन कीबोर्डवरही असा दांडा बसवतात, म्हणून बटण हळूहळू तळापर्यंत दाबून बघा. रबर शेवटी मऊ, दबल्यासारखं लागतं. स्प्रिंग तळापर्यंत एकसारखी जाते आणि टणक थांबते.

स्विच: इथे वेळ द्या

कीबोर्डचा स्वभाव नव्वद टक्के स्विचवर ठरतो, असं मी मानतो. स्विचच्या आत चार गोष्टी असतात: वरचं-खालचं कवच, मधला सरकणारा दांडा, त्याखालची स्प्रिंग आणि बाजूला तांब्याच्या मिश्रधातूची लवचिक पट्टी. दांडा खाली गेला की पट्टी मोकळी होते, दोन संपर्कबिंदू टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होतं. म्हणजे नोंद होण्यासाठी बटण तळाला लागावं लागत नाही, ती वाटेतच होते. मेकॅनिकल कीबोर्डची सगळी गंमत या ‘वाटेतच’मध्ये आहे.

आज वापरात असलेल्या बहुसंख्य स्विचचा नमुना चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेचा आहे. ती १९८० च्या दशकात बाजारात आली. पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपली आणि गॅटेरॉन, कायल्ह, आउटेमू या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर काढले. त्यामुळे कीबोर्ड स्वस्त झाले आणि लाल, तपकिरी, निळा ही चेरीची रंगांची भाषा सगळ्यांची झाली. पण दोन कंपन्यांचे लाल स्विच हुबेहूब सारखे नसतात. रंगावरून फक्त जात कळते.

या जाती तीन आहेत. लाल म्हणजे सरळ स्विच. वरपासून खालपर्यंत मध्ये काही लागत नाही, जोर हळूहळू वाढतो. चेरीच्या लालमध्ये नोंद २ मिलीमीटरवर होते, एकूण प्रवास ४ मिलीमीटर आणि लागणारा जोर ४५ सेंटीन्यूटन. सेंटीन्यूटन ऐकून बिचकू नका, एक सेंटीन्यूटन म्हणजे जवळपास एक ग्रॅम वजन. तपकिरीमध्ये मध्येच एक हलका खटका बोटाला जाणवतो आणि जोर ५५ च्या आसपास लागतो. निळ्यात खटक्यासोबत टक असा आवाजही येतो, नोंद २.२ मिलीमीटरवर होते आणि जोर ६० च्या आसपास.

निळ्याबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. त्यात बटण ‘दाबलं’ अशी नोंद ज्या खोलीवर होते, ‘सोडलं’ अशी नोंद त्याच खोलीवर होत नाही. बोट त्याहून बरंच वर आणावं लागतं. एकच बटण भराभर दोनदा दाबायचं असेल तर हा फरक नडतो. टायपिंगला निळा सुरेख वाटतो, पण झपाट्याच्या खेळासाठी मी तो सुचवत नाही. शिवाय आपल्या घरांत अभ्यास, झोप आणि संगणक बरेचदा एकाच खोलीत असतात. रात्री अकराला तो टकटकाट घरातल्या सगळ्यांना भोगावा लागतो.

‘स्पीड’ नावाचे स्विच लवकर नोंद करतात. चेरीच्या स्पीड सिल्व्हरमध्ये १.२ मिलीमीटरवर. ऐकायला भारी वाटतं, पण बोट बटणावर नुसतं टेकवून ठेवायची सवय असेल तर नको तेव्हा बटण लागतं. पहिला कीबोर्ड घेणाऱ्याला मी साधा लाल किंवा तपकिरी सांगतो. खेळ जास्त आणि लेखन कमी असेल तर लाल, उलट असेल तर तपकिरी.

आयुष्याच्या आकड्याचं काय? स्विचवर ५ कोटी किंवा १० कोटी दाब असं लिहिलेलं असतं. हिशोब करून बघा: एकच बटण दिवसाला ५,००० वेळा दाबलं, तरी ५ कोटींना १०,००० दिवस लागतात, म्हणजे सत्तावीस वर्षं. त्यामुळे ५ की १० यावर पैसे मोजू नका. खरी अडचण झिजण्यापेक्षा संपर्कबिंदूंवर बसणारी धूळ आणि गंज यांची असते. कोकणात किंवा पावसाळ्यातल्या कोल्हापुरात राहणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

मॅट्रिक्स आणि घोस्टिंग: भाच्याची अडचण इथे होती

पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात, पण आतल्या चिपला १०४ वेगळ्या तारा जोडत नाहीत. बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, बसवतात. ६ आडव्या आणि १८ उभ्या तारा घेतल्या की १०८ छेदबिंदू मिळतात आणि २४ तारांत काम भागतं. चिप एकेका रांगेत वीज सोडते आणि कुठल्या उभ्या तारेतून ती परत येते ते पाहते. हा फेरा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालतो.

आता या जाळ्यात एक आयत कल्पा. त्याच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर वीज त्या तिघांतून वळसा घेऊन चौथ्या कोपऱ्याशी पोहोचते आणि न दाबलेलं चौथं बटण दाबल्यासारखं दिसतं. हेच घोस्टिंग, भुताने दाबलेलं बटण. स्वस्त कीबोर्ड यावर सोपा उपाय करतो: संशय आला की तिसऱ्या बटणाची नोंदच घेत नाही. भुताचं बटण गेलं, पण खरं दाबलेलंही गेलं. भाच्याचा आर असाच गिळला जात होता. खोक्यावरचा ‘अँटी-घोस्टिंग’ हा शब्द खोटा नव्हता, आणि तरीही त्याच्या काही कामाचा नव्हता.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक बटणाला एक डायोड. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे वळसा बंद होतो. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये हे असतं आणि त्याला ‘एन-की रोलओव्हर’ म्हणतात. म्हणजे कितीही बटणं एकदम दाबा, प्रत्येकाची नोंद होते. ‘६-की रोलओव्हर’ लिहिलं असेल तर शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं सोडून एका वेळी सहा. सहा हा आकडा यूएसबीच्या सर्वांत साध्या कीबोर्ड-संदेशातून आला आहे. तो ८ बाइटचा असतो: पहिला बाइट शिफ्ट-कंट्रोल वगैरेंसाठी, दुसरा राखीव, उरलेले सहा एकेका बटणासाठी. प्रामाणिकपणे बांधलेल्या कीबोर्डवर सहाही खेळाला पुरतात, कारण डावा हात एकदम सहा बटणं क्वचितच दाबतो. घात होतो तो ‘२६ की अँटी-घोस्टिंग’ अशा मजकुराने. त्याचा अर्थ असा की ठरावीक २६ बटणांपुरतीच काळजी घेतली आहे, बाकी तुमचं नशीब.

तपासायचं असं. नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट धरून ठेवा आणि इंग्रजी मुळाक्षरं ए ते झेड एकेक करून दाबा. एखादं अक्षर उमटलं नाही तर जाळ्यात आंधळी जागा आहे. मग ब्राउझरमध्ये चालणारं एखादं कीबोर्ड-तपासणी पान उघडा आणि आपल्या खेळातले खरे दाब लावून बघा: डब्ल्यू, ए धरून आर. डब्ल्यू, डी, स्पेस धरून एफ. शिफ्ट, डब्ल्यू, ए धरून १ ते ५ एकेक. प्रत्येक खेळाडूच्या बोटांचे जोड वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याच्या परीक्षणावर न थांबता स्वतःचे जोड तपासा. परत करायची मुदत संपण्याआधी.

हर्ट्‌झ आणि मिलीसेकंद

वायरचा कीबोर्ड आपणहून संगणकाला काही सांगत नाही. संगणक ठरावीक अंतराने विचारतो, काही नवीन? हे विचारणं म्हणजे पोलिंग. १२५ हर्ट्‌झ म्हणजे दर ८ मिलीसेकंदांनी, १००० हर्ट्‌झ म्हणजे दर मिलीसेकंदाला. आता ८००० हर्ट्‌झचे कीबोर्डही मिळतात. तुलनेसाठी, ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर नवीन चित्र सुमारे १६.७ मिलीसेकंदांनी येतं आणि १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर सुमारे ७ मिलीसेकंदांनी. १२५ वरून १००० वर येणं उपयोगाचं आहे, सरासरी साडेतीन मिलीसेकंद वाचतात. १००० वरून ८००० वर गेल्यावर अर्ध्या मिलीसेकंदाहूनही कमी वाचतं आणि प्रोसेसरवर काम वाढतं. तेवढे पैसे पडद्यावर घाला.

या आकड्याच्या सावलीत एक दुसरा, जास्त महत्त्वाचा आकडा दडतो, तो खोक्यावर सहसा नसतो: डीबाउन्स. धातूचे दोन संपर्कबिंदू टेकताना क्षणभर थरथरतात, जोडले-तुटले-जोडले असं होतं. हे थरथरणं दोन-तीन दाब म्हणून मोजलं जाऊ नये, म्हणून चिप काही मिलीसेकंद वाट पाहते, साधारण ५. काही कीबोर्ड पहिल्या स्पर्शालाच नोंद करतात आणि पुढची थरथर दुर्लक्षतात, काही थरथर शमल्यावर नोंद करतात. १००० हर्ट्‌झचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीने चालत असेल, तर विचारण्यातला वेग वाट पाहण्यात जातो. सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्स बदलता येत असेल तर हळूहळू कमी करा. एकदा दाबून दोन अक्षरं उमटायला लागली की एक पायरी मागे या.

केबल आणि पोर्ट

वायर निघणारी असावी, हा माझा आग्रह आहे. कीबोर्डची केबल मुळाशी, म्हणजे कीबोर्डमध्ये शिरते तिथेच तुटते. टाइप-सी खाच असेल तर नवी केबल लावून काम भागतं. खाच फार खोल आणि अरुंद नाही ना ते बघा, नाहीतर साधी केबल आत बसत नाही. काही स्वस्त कीबोर्ड दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चालूच होत नाहीत, कारण त्यांत त्यासाठी लागणारे छोटे रोध बसवलेले नसतात. मग एका टोकाला जुना चपटा यूएसबी-ए असलेली केबल वापरा, कीबोर्ड बिघडला असं समजू नका. कीबोर्ड कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो आणि सगळे दिवे पांढरे, पूर्ण उजेडात ठेवले तर त्यातला मोठा वाटा दिवेच खातात. तीन-चार वस्तू लावलेल्या स्वस्त हबवर कीबोर्ड मधूनच बंद-चालू होत असेल, तर आधी दिवे मंद करून बघा.

कीकॅप, स्टॅबिलायझर, आकार

कीकॅप दोन प्लास्टिकच्या असतात. एबीएस गुळगुळीत असतं आणि काही महिन्यांत बोटांच्या तेलाने चकाकायला लागतं. पीबीटी खरबरीत असतं, जास्त टिकतं. अक्षरं ‘डबलशॉट’ असतील तर ती दुसऱ्या प्लास्टिकचीच ओतलेली असतात, कधीच पुसली जात नाहीत. मराठीत इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीने टाइप करणाऱ्यांना एक जास्तीची गोष्ट सांगतो. इनस्क्रिप्टमध्ये एसवर एकाराची मात्रा आणि डीवर हलन्त आहे. म्हणजे खेळात खूप झिजणारी दोन बटणं मराठी लिहितानाही खूप दाबली जातात. डीवर दोन्हीकडून मार बसतो. त्यामुळे आपल्याला पीबीटीचा फायदा इतरांपेक्षा जास्त होतो.

पुढेमागे कीकॅप बदलायच्या असतील तर खालची ओळ प्रमाण मापाची आहे ना ते पाहा: स्पेसबार सव्वासहा एकक आणि त्याच्या दोन्ही बाजूंची सात बटणं सव्वा एककाची. एक एकक म्हणजे १९.०५ मिलीमीटर. ही ओळ वेगळी असेल तर जोडसंच मिळणं कठीण जातं.

स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब बटणांखाली तारेचा आधार असतो, तो स्टॅबिलायझर. कीबोर्ड हातात आल्यावर स्पेसबारचं डावं टोक, उजवं टोक आणि मध्य वेगवेगळं दाबा. एकाच टोकाला खडखडाट झाला तर तारेच्या टोकांना सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस किंचित लावलं की बराच आवाज जातो.

आकाराबद्दल थोडक्यात. अंकांचा भाग नसलेला ८७ बटणांचा टीकेएल माउसला हात मोकळा ठेवतो आणि बाणांची बटणं राहतात. हिशोबाचं काम करणाऱ्यांनी १०४ घ्यावा. ६१ बटणांचा छोटा देखणा दिसतो, पण त्यावर बाण आणि एफ-ओळ दुसऱ्या थरात जातात, म्हणजे आणखी एक बटण धरून दाबावी लागतात. पहिल्याच कीबोर्डला तो नको.

आतली मेमरी, विंडोज-लॉक आणि मराठीची एक अडचण

मॅक्रो (एका बटणावर बसवलेली दाबांची मालिका) आणि दिव्यांची मांडणी कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत राहते की फक्त कंपनीचं सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत, हे आधी विचारा. मेमरीत राहत असेल तर एकदा मांडणी करून सॉफ्टवेअर काढून टाकता येतं. ‘क्यूएमके’ किंवा ‘व्हिया’ चालतं असं लिहिलं असेल तर फारच उत्तम. क्यूएमके हे मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या चिपवर चालणारं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात प्रत्येक बटणाचं काम बदलता येतं. व्हिया हे ते बदल सोपे करणारं साधन.

विंडोजचं बटण बंद करणारा ‘गेम मोड’ जवळपास सगळ्यांत असतो. आपल्याला त्याची गरज जास्त, कारण मराठी आणि इंग्रजी दोन्ही मांडण्या असलेल्या संगणकावर विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. डावा ऑल्ट आणि शिफ्टनेही बदलते, आणि हे दोन्ही खेळात सतत बोटाखाली असतात. गेम मोड ऑल्ट-शिफ्टला सहसा अडवत नाही. काही गेम बटणाची जागा ओळखतात, त्यांना फरक पडत नाही. काही अक्षर ओळखतात, तिथे अचानक एकही बटण चालेनासं होतं. विंडोजच्या कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलण्याचा ऑल्ट-शिफ्ट हा जोड काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

चुंबकी स्विच: कोणासाठी?

वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्यात आडवं व्होल्टेज तयार होतं, हा एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम आज कीबोर्डमध्ये आला आहे. दांड्यात चुंबक, खाली सर्किट बोर्डवर संवेदक. धातूला धातू टेकतच नाही, त्यामुळे गंज आणि थरथर यांचा प्रश्न उरत नाही. बटण किती खोल आहे हे सतत मोजलं जातं, म्हणून नोंदीची खोली तुम्ही ठरवू शकता. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने लोकप्रिय केलेलं ‘रॅपिड ट्रिगर’ यावरच चालतं: बोट जरासं वर सरकलं की बटण सुटलं असं धरलं जातं. नेमबाजीच्या खेळात पळता पळता थांबून गोळी झाडायची असते, तिथे हा फरक खरोखर जाणवतो.

याच्याच शेजारी एक सोय येते, ए आणि डी दोन्ही धरले तर शेवटचं दाबलेलं आपोआप जिंकतं. रेझर या कंपनीने ती २०२४ मध्ये ‘स्नॅप टॅप’ नावाने आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या खेळाच्या अधिकृत सर्व्हरवर अशा आपोआप हालचालींना मनाई केली, वापरणारा सामन्यातून बाहेर काढला जातो. तेव्हा ही सोय बंद करता येते ना, हे बघूनच घ्या. चुंबकी कीबोर्डमध्ये साधे मेकॅनिकल स्विच सहसा चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

घरी आल्यावर आणि नंतर

पहिल्या दिवशी तपासणी-पानावर प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा, दुहेरी नोंद होते का पाहा. दर दोन-तीन महिन्यांनी केबल काढून कीबोर्ड उलटा करून झटका आणि मऊ ब्रश फिरवा. कीकॅप काढायच्या असतील तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तारेच्या चिमट्याने काढा, प्लास्टिकच्या कडीने कडा खरवडतात. चहा सांडला तर तत्क्षणी केबल उपसा आणि कीबोर्ड उलटा करा. चहातली साखर आणि दूध स्विचमध्ये चिकटून बसतं, ते नुसत्या वाळण्याने जात नाही. बाधित स्विच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन दोन दिवस वाळवा, मगच वीज लावा.

‘हॉट-स्वॅप’ असलेला कीबोर्ड मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या. त्यात डाग (सोल्डर) न देता जुना स्विच चिमट्याने उपसून नवा बसवता येतो. तीन पायांचे आणि पाच पायांचे असे दोन प्रकार असतात. पाच पायांची भोकं असलेल्या सर्किट बोर्डवर दोन्ही बसतात, तीनवाल्यावर पाचचे दोन प्लास्टिकचे पाय कापावे लागतात. बसवताना पिना सरळ आहेत ना ते पाहा, वाकलेली पिन दाबली तर सॉकेटच उखडतं. आणि डीचा स्विच दुहेरी नोंद करायला लागला, घरात जादा स्विच नाही, रविवार आहे, दुकान बंद आहे, तर स्क्रोल लॉकचा स्विच काढून डीखाली लावा. तो स्विच जवळजवळ कोराच असतो.